मोटारींतील पेट्रोलच्या वाफेची गळती कशी शोधावी

आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां पेट्रोलवर चालणारी मोटार उभी असते, आणि ती बहुधा मुंबईहून जुनी घेतलेली असते. ती ज्या पडवींत किंवा छपरांत ठेवावयाची तेथेंच कडबा, पेंड, बारदान व कधीं कधीं चूलही असते. सकाळीं दार उघडतांच पेट्रोलचा वास आला तर ‘जुनी गाडी, वास यावयाचाच’ असें म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष करतों. हें दुर्लक्ष धोक्याचें आहे. पेट्रोलची वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असल्यामुळें ती वर उडून न जातां जमिनीसरपट पसरते, आणि हवेंत तिचें प्रमाण शेंकडा दीड ते साडेसात यांच्या दरम्यान आलें म्हणजे एक ठिणगी पुरते. म्हणून ही वाफ कोठून सुटते तें कसें हुडकावें, याचा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे. डिझेलच्या गाड्यांस ही व्यवस्था लागत नाहीं, तेव्हां त्यांच्या मालकांनीं हीं पानें उलटून पुढें जाण्यास हरकत नाहीं. सीएनजीवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत मात्र पेट्रोलचीही टाकी असते, हें विसरूं नये.

ज्वालाग्राही वायु कोंडून तो एंजिनांत नेऊन जाळण्याची कल्पना मुंबईस नवी नाहीं. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालीं मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायु गोळा करून त्यावर एंजिन चालविलें गेलें. गोबर-गॅसच्या इतिहासांत त्या प्रयोगाचा उल्लेख अद्याप होतो. ज्यांच्या अंगणांत गोबर-गॅसची टाकी आहे त्यांस हें सांगावयास नकोच कीं, वायु उत्पन्न करणें सोपें, पण सांध्यासांध्यांतून तो निसटूं न देणें अवघड. मोटारीच्या टाकीची गोष्ट याहून निराळी नाहीं.

पेट्रोलची टाकी दिवसा तापते व रात्रीं निवते. तापली म्हणजे वाफ फुगून बाहेर पडूं पाहते. निवली म्हणजे बाहेरची हवा आंत ओढली जाते. पूर्वीच्या मोटारींत ही वाफ सरळ आकाशांत जाई. तीस प्रथम आवर कॅलिफोर्नियांत १९७० च्या गाड्यांपासून व पुढील वर्षीं सर्व अमेरिकेंत घातला गेला. आपल्याकडील भारत स्टेजच्या नियमांतही ठराविक परीक्षेंत २ ग्रॅमहून अधिक वाफ मोटारीनें सोडूं नये, अशी मर्यादा घातली गेली. उपाय असा कीं, टाकीवरून एक नळी कोळशाच्या डब्यांत नेतात. हा कोळसा चुलींतला नव्हे. तो विशेष रीतीनें सच्छिद्र केलेला असतो, व नारळाच्या करवंटीपासूनही तसा कोळसा तयार होतो. त्याच्या चिमूटभर भुकटींत इतकीं सूक्ष्म छिद्रें असतात कीं, उभी गाडी जी वाफ सोडते ती सारी तो धरून ठेवतो. गाडी चालूं लागली व एंजिन तापलें म्हणजे एक विजेची झडप उघडते, एंजिनाच्या ओढीनें बाहेरची स्वच्छ हवा डब्यांतून वाहूं लागते, आणि धरलेली वाफ एंजिनांत जाऊन जळते. कारागीर या डब्यास कॅनिस्टर व झडपेस पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. डब्याचें तिसरें तोंड मोकळ्या हवेकडे असतें, त्यास व्हेंट हें नांव आहे.

येथें एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. पुष्कळांस वाटतें कीं, गळती असेल तर समोरच्या फळीवरील एंजिनाचा दिवा लागेलच. अमेरिकेंत १९९६ च्या सुमारापासून मोटारी स्वतःच आपल्या टाकीची परीक्षा घेतात, व सुमारें १ मिलिमीटर, पुढें त्याच्याही निम्म्या भोकाएवढी गळती असली तरी दिवा लावतात. आपल्याकडील नियम युरोपच्या धर्तीवर झाले. त्यांत या व्यवस्थेबाबत किमान मागणी आहे ती झडपेची विजेची जोडणी शाबूत आहे कीं नाहीं, एवढें पाहण्याची. म्हणजे तार तुटली तर दिवा लागेल. नळीस बोटभर चीर पडली तरी तो न लागण्याचाच संभव अधिक. सबब दिव्यावर विसंबूं नये, नाकावर विसंबावें, आणि नाकानें सांगितलेलें क्रमानें तपासावें.

पहिला प्रश्न : गळते ती वाफ कीं पेट्रोलच? गाडी उघड्यावर आणून, बिडी-काडी दूर ठेवून, टाकीखालीं व नळ्यांखालीं कोरडा पांढरा कागद किंवा पुठ्ठा पसरावा. ओला डाग पडला तर पुढचें सर्व सोडून ती गाडी चालूं न करतां कारागिरास तेथेंच बोलवावें. डाग नाहीं व वास आहे, तर गळती वाफेची समजावी.

दुसरा प्रश्न : वास केव्हां येतो? टाकी भरून आणल्यावरच येत असेल तर दोष बहुधा मालकाच्या संवयीचा असतो. पंप गांवापासून दूर, म्हणून नळी आपोआप थांबल्यावरही ‘आणखी थोडें, कांठोकांठ’ असा आग्रह आपले लोक फार करतात. अशा वेळीं वाफेच्या वाटेनें पातळ पेट्रोलच डब्यांत शिरतें, व त्यानें भिजलेला कोळसा मग वाफ धरीत नाहीं. उलट, टाकी अर्धी रिकामी असतांही पंपाची नळी पुनःपुन्हां बंद पडत असेल, तर डब्याचें हवेचें तोंड तुंबलें आहे काय तें पाहावें. खेड्यांत कुंभारीण माशीचें मातीचें घर, चिखल किंवा कापसाची धूळ हीं कारणें नेहमींचीं. भरल्यानंतर लगेच गाडी सुरू व्हावयास कुरकुरत असेल किंवा उभी असतां धडधडत असेल, तर विजेची झडप उघडी राहिली असा संशय घ्यावा. झाकण उघडतांना किंचित फुसकारा येणें हा मात्र दोष नव्हे. उलट टाकी बंदिस्त असल्याची ती खूण आहे.

मग झाकण. आमच्या मतें निम्मा शोध येथेंच संपावा. झाकणाचें रबरी कडें वाळून चिरलें आहे काय, तें ज्या तोंडावर बसतें तें गंजलें किंवा चेपलें आहे काय, हें बोट फिरवून पाहावें. हरवलेल्या झाकणाच्या जागीं दुसऱ्या गाडीचें, क्वचित् ट्रॅक्टरचेंही झाकण बसविलेलें आढळतें. ट्रॅक्टरच्या झाकणास हवा येण्याजाण्यासाठीं वाट ठेवलेली असते. तें येथें उपयोगी नाहीं. त्याच गाडीचें झाकण घ्यावें.

त्यानंतर नळ्या. टाकीपासून डब्यापर्यंत व डब्यापासून एंजिनापर्यंत हातानें चांचपत जावें. वांक जेथें आहे व पट्टी जेथें आवळली आहे तेथें रबर प्रथम फुटतें. धान्याजवळ ठेवलेल्या गाडींत उंदीर नळ्या कुरतडतात, ही गोष्ट शेतकऱ्यास निराळी सांगावयास नको. झडपेची परीक्षा अशी : एंजिन थंड असतां सुरू करावें, डब्याकडून येणारी नळी झडपेवरून काढून त्या तोंडावर बोट ठेवावें. थंड एंजिनावर ओढ लागतां कामा नये. सतत ओढ लागली तर झडप मिटत नाहीं. नळी तोंडानें चोखून पाहण्याची खोड कांहीं कारागिरांस असते. ती घातक आहे.

इतकें करूनही वास राहिला तर धुराची परीक्षा करवावी, व येथें आपणांस एक ओळखीची युक्ति भेटते. शेतांत उंदराच्या बिळांत धूर भरतांना बाकीचीं तोंडें आपण लिंपून टाकतों, आणि जेथून धूर निघेल तें न दिसलेलें तोंड. तसेंच येथें. डब्याचें हवेचें तोंड बंद करून, झडप मिटली असतां, खनिज तेलापासून यंत्रानें केलेला धूर नळींतून आंत सोडतात व प्रखर विजेरीनें सांधे पाहतात. दाब मात्र अगदीं अल्प हवा : पाण्याच्या सुमारें १३ इंच स्तंभाएवढा, म्हणजे दर चौरस इंचास अर्ध्या पौंडाच्या आंतबाहेर. टायरमध्यें हवा भरण्याचा पंप यास जोडण्याचा मोह कोणीही धरूं नये. टायरचा ३० पौंडांचा दाब याच्या साठपट होतो. त्यानें डबा व टाकी फुटेल, आणि वाफेंत हवा कोंबल्यानें तें मिश्रण स्फोटक होईल तें निराळेंच. जाणते कारागीर हवेऐवजीं नायट्रोजन वापरतात. टाकी पाव ते पाऊण भरलेली व गाडी सावलींत निवलेली असावी. उन्हांत तापलेल्या टाकींत वाफेचाच दाब वाढतो व कांटा खोटें सांगतो. धूर दिसला नाहीं पण कांटा उतरत राहिला, तर सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे पाहावे, जसे गोबर-गॅसच्या नळास पाहतों.

मुंबईहून गाडी घेणाऱ्यांसाठीं एक गोष्ट राहिली. माटुंग्यास किंग्ज सर्कल व गांधी मार्केटचा भाग सखल आहे. जोराचा पाऊस व भरती एकत्र आल्या कीं तेथें पाणी सांचतें, व २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हां तर शहरांतील असंख्य मोटारी बुडाल्या. असें पाणी आसनांपर्यंत न पोंचतां चाकांच्या मध्यापर्यंतच आलें, तर विकणारा ‘गाडी पाण्यांत गेलीच नाहीं’ असें सहज म्हणूं शकतो. परंतु कोळशाचा डबा पुष्कळ गाड्यांत टाकीजवळ, खालच्या बाजूस असतो, व त्याचें हवेचें तोंड तेवढ्या पाण्यांतही बुडतें. आंत गेलेला गाळ बाहेर येत नाहीं. म्हणून सौदा करण्यापूर्वीं गाडी वर उचलवून त्या तोंडाशीं चिखलाची रेघ आहे काय, डबा हातांत घेतां जड लागतो काय, व उलटा करतां पाणी किंवा काळी भुकटी गळते काय, हें पाहावें. भुकटी गळणें म्हणजे आंतील जाळी फाटली. ती पुढें झडपेंत अडकून तिलाही उघडी ठेवते. असा डबा उन्हांत वाळवून किंवा चुलीशेजारीं तापवून सुधारत नाहीं, आणि तापविणें तर आगीस आमंत्रण. तो बदलावाच लागतो, व त्याचा खर्च सौद्याच्या किंमतींतून वजा मागावा.

नळी बदलतांना पेट्रोलच्या वाफेस टिकणारीच नळी मागून घ्यावी. ठिबक सिंचनाची उरलेली नळी मापानें बसते खरी, पण पेट्रोलच्या संगतींत ती थोड्याच काळांत फुगते व तडकते. नवी बसविल्यावर धुराची परीक्षा पुन्हां एकदां करवावी, आणि तोंपर्यंत गाडी गोठ्यापासून व कडब्यापासून दूर, उघड्यावर ठेवावी.