चंद्राचे खळे आणि कणांचे आकार

चंद्राला खळे पडले की अनिष्ट घडते, असे आजही ऐकू येते. परंपरेने चालत आले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तेव्हा आधी मोजावे. हात पूर्ण लांबवून पंजा फाकवावा व अंगठ्याचे टोक चंद्रावर धरावे. करंगळी बहुधा खळ्याच्या कडेशी पोहोचते. हे अंतर सुमारे 22 अंशांचे. उंच, विरळ ढगांतील बर्फाचे स्फटिक षट्कोनी असतात. त्यांच्या एकाआड एक पैलूंमध्ये 60 अंशांचा कोन असतो आणि त्यांतून वळलेला प्रकाश नेमका तेथे दाटतो. गोल जलबिंदूंना असे खळे पडत नाही. त्यांचे इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध दिशेभोवती, 42 अंशांवर उमटते. असे ढग कधीकधी पावसाआधी येतात, म्हणून शेतकऱ्याचा पावसाचा अंदाज अगदीच निराधार नाही. अनिष्टाचा मात्र आहे.

धूलिकणांना ना खळे, ना धनुष्य. त्यांच्यासाठी लायडार हे उपकरण आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत त्याने निरीक्षणे झाली आहेत. एकाच प्रतलात कंप पावणारा लेसर किरण आकाशात सोडतात. गोल थेंबावरून थेट मागे आलेला प्रकाश ते प्रतल राखतो. वेड्यावाकड्या धूलिकणावरून परतताना त्याचा काही भाग प्रतल बदलतो. त्या प्रमाणावरून आकाराचा अंदाज येतो. दाट ढगात मात्र प्रकाश अनेक थेंबांवर आपटत येतो आणि गोल थेंबही वेडेवाकडे भासतात.