सुरकुत्यांचे इंजेक्शन : कुपी डोळ्यांदेखत उघडावी

लग्नसराई जवळ आली म्हणजे डहाणू, घोलवड, बोर्डी आणि तलासरी या पट्ट्यातील वाचक भगिनींकडून, आणि अलीकडे कित्येक पुरुषांकडूनही, एकच पृच्छा होऊ लागते, ती अशी की कपाळावरच्या आठ्या घालवणारे बोटॉक्सचे इंजेक्शन वापीस किंवा मुंबईस जाऊन घ्यावे की न घ्यावे. हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे व त्यात मी उपदेश करू इच्छीत नाही. परंतु ते औषध सुईत भरले जाण्यापूर्वी दवाखान्यात त्याचे काय काय होते, हे मात्र घेणाऱ्याने जाणलेच पाहिजे, कारण त्याचा गुण आणि त्याचा अपाय ही दोन्ही पुष्कळ अंशी या पूर्वतयारीवरच अवलंबून असतात.

हे औषध म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नामक जंतूने निर्माण केलेल्या अत्यंत जहाल विषाचा शुद्ध केलेला अत्यल्प अंश होय. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी तो प्रथम तिरळेपणावर योजला, १९८९ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि पापण्यांच्या झटक्यांवर उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या आठ्याही मावळतात हे कॅनडातील कॅरुदर्स दांपत्याच्या ध्यानी आल्यावर पुढे २००२ साली भुवयांमधील आठ्यांसाठीही तशीच संमती दिली गेली. मज्जातंतूकडून स्नायूस मिळणारी आकुंचनाची आज्ञा तो तीन-चार महिने अडवून धरतो; म्हणून कपाळ आक्रसल्याने पडणाऱ्या आठ्यांवर त्याचा उत्तम उपयोग होतो. झाईच्या किनाऱ्यावर मासळी वाळवताना किंवा चिकूच्या वाडीत राबताना वर्षानुवर्षे उन्हाने कोरलेल्या, चेहरा स्वस्थ असतानाही दिसणाऱ्या सुरकुत्या त्याने पूर्णपणे जात नाहीत. तेथे डोक्यावरचा पदर, रुंद काठाची टोपी आणि उन्हाची वेळ टाळणे याच गोष्टींची मी आधी शिफारस करीन.

बहुतेक उत्पादकांचे हे औषध कोरड्या चूर्णाच्या रूपात येते व ते २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावे लागते. आरोग्य केंद्रातील परिचारिका बर्फाच्या डब्यातून पाड्यापाड्यांवर लस नेते, तीच शिस्त येथेही अपेक्षित आहे. परंतु लसीच्या कुपीवर उष्णता लागल्यास रंग पालटणारी चकती असते, तशी सोय या कुपीवर नसते, आणि म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात वीज जाऊन दवाखान्याचा फ्रीज तासन् तास बंद राहिला, किंवा कुपी कोणाच्या हातपिशवीतून महामार्गाने तलासरीपर्यंत आली, तर डोळ्यांना त्याचा कोणताही पुरावा मिळत नाही. फ्रीजच्या तापमानाची रोजची नोंद ठेवता का, असे विचारण्यास रुग्णाने मुळीच संकोचू नये.

आता खरे काम. कुपीचे रबरी बूच स्पिरिटने पुसून ते पूर्ण वाळू द्यावे लागते, कारण स्पिरिटचा अंश आत गेल्यास औषधाचे वीर्य नष्ट होऊ शकते; मग सिरिंजमध्ये मोजून घेतलेले निर्जंतुक सलाइन सुईवाटे आत सोडावे. बोटॉक्सच्या कुपीत निर्वात पोकळी असल्यामुळे ते आपसूक ओढले जाते, व तसे ओढले न गेल्यास ती कुपी बाद समजून टाकून द्यावी, असा उत्पादकाचा स्पष्ट दंडक आहे. त्यानंतर कुपी हळुवार फिरवायची. खसाखसा हलवून फेस आणणे निषिद्ध. द्रावण नितळ व वर्णहीन असले पाहिजे, कुपीवर तारीख आणि वेळ लिहिली गेली पाहिजे, आणि ते फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या मुदतीत वापरले गेले पाहिजे.

येथेच हिशेबाची बाब येते. शंभर युनिटच्या कुपीत अडीच मिलिलिटर सलाइन घातले, तर दर ०.१ मिलिलिटरमध्ये चार युनिट येतात, आणि भुवयांमधील आठ्यांसाठी पाच ठिकाणी मिळून वीस युनिट लागतात. त्याच कुपीत पाच मिलिलिटर घातले, तर तेवढ्याच थेंबात निम्मे औषध उरते. पैसे पूर्ण, गुण अर्धा, आणि अधिक द्रव पसरून पापणी लोंबण्याचा संभव वाढतो. म्हणून दर ‘सुई’वर न ठरवता युनिटवर ठरवावा, मात्र एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाबरोबरीचे नसते हे विसरू नये. एक कुपी अनेकांत वाटून घेण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला मान्य नाही. माहितीपत्रकात ती एकाच रुग्णासाठी म्हणून दिलेली असते.

कुपीइतकीच रुग्णाचीही तयारी करावी लागते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मायस्थेनियासारखा स्नायूंच्या दुर्बलतेचा विकार असलेले, आणि जेथे सुई टोचायची तेथे पुळी किंवा जंतुसंसर्ग असलेले, यांनी हे इंजेक्शन घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविके चालू असल्यास ती डॉक्टरांस आधी सांगावीत. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. जो डॉक्टर यांपैकी काहीही न विचारता सिरिंज हाती घेतो, त्याच्या खुर्चीवरून उठून यावे.

ब्युटी पार्लरमध्ये वा हॉटेलच्या खोलीत भरणाऱ्या स्वस्त शिबिरांविषयी तर माझे मत कठोर आहे. २००४ साली फ्लोरिडात प्रयोगशाळेतील संशोधनासाठीचे अप्रमाणित विष बोटॉक्स म्हणून टोचले गेले आणि चार माणसे पक्षाघाताने अंथरुणास खिळली. २०२४ सालीही अमेरिकेच्या अनेक राज्यांत बनावट इंजेक्शनांमुळे लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे हे घडते, तर आपण गाफील राहण्याचे कारण नाही.

तेव्हा त्या-त्या राज्याच्या वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा, सीलबंद कुपी आपल्यासमोर उघडावयास लावावी, आणि कंपनीचे नाव, बॅच क्रमांक, मुदत व टोचलेली युनिटे लिहिलेली पावती घेऊनच निघावे. पुढील काही तासांत वा आठवड्यांत गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास वाटला, तर दूरच्या त्या दवाखान्यास फोन लावीत बसू नये. १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय तत्काळ गाठावे, आणि ती पावती तेथील डॉक्टरांच्या हाती द्यावी.