चाकांवरचे बिऱ्हाड

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा जर्मनीतील कित्येक शहरे दगडविटांचे ढिगारे होऊन पडली होती. वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगन मोटारींच्या कारखान्यालाही बाँबहल्ल्यांचा तडाखा बसला होता. ब्रिटिश सैन्याच्या देखरेखीखाली तो पुन्हा चालू झाला आणि तेथे लहान मोटारी तयार होऊ लागल्या. जड सुटे भाग आवारात इकडून तिकडे नेण्यासाठी तेथे एक ओबडधोबड वाहन बनवलेले होते. एक सपाट फळी, तिला चार चाके, मागे इंजिन आणि त्या इंजिनावरच चालकाची बैठक! १९४७ साली बेन पॉन नावाचा एक डच व्यापारी कारखान्यात आला असता ते वाहन त्याच्या दृष्टीस पडले. दुसरा कोणी हसून पुढे गेला असता. पॉनने मात्र वही काढली आणि तिच्यात दोनचार रेघांचे एक चित्र काढले : पुढे चालक, मागे इंजिन आणि मध्ये मालासाठी मोकळी जागा.

पावाच्या लादीसारखे दिसणारे ते चित्र १९५० साली प्रत्यक्षात उतरले. सुमारे सव्वाचार मीटर लांबीची ही व्हॅन पाऊण टन माल वाहून नेई. इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे असल्यामुळे चढणीवर तिची बरीच दमछाक होई. पण किंमत बेताची आणि बांधणी साधी, म्हणून पाववाले, भाजीवाले, रंगारी अशा लहान व्यावसायिकांना ती सोयीची वाटली.

युद्धाने नागवलेल्या त्या लोकांना सहलीसाठी निराळी मोटार कोठून परवडणार? वीडेनब्रुक गावी वेस्टफालिया नावाचा, पूर्वी घोडागाड्या बांधणारा एक जुना कारखाना होता. त्याने १९५१ साली ह्या अडचणीवर एक नामी तोड काढली. कारखान्याने एक लाकडी पेटी तयार केली. पेटीत सामान राही, तिच्यावर बसता येई आणि गाद्या पसरल्या की तिचाच पलंग होई. जोडीला लहानसे कपाट आणि चूल. शनिवारी संध्याकाळी मालाची टोपली उतरवावी, पेटी आत चढवावी आणि मुलाबाळांना घेऊन एखाद्या तळ्याच्या काठी मुक्काम ठोकावा. सोमवारी पेटी पुन्हा घरात आणि व्हॅन पुन्हा कामावर! विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो. येथे ते बिऱ्हाड मोटारीच्या पोटात शिरले.

ज्यांना ती पेटी विकत घेणे जमेना, त्यांनी करवत आणि रंधा हाती घेतला. जुनी मालवाहू व्हॅन स्वस्तात मिळवून तिचे स्वहस्ते घर बनवण्याची हौस पुढे अनेक देशांत पसरली आणि आजही ती टिकून आहे. हे काम वरवर सुतारकीचे दिसते. खरे पाहता त्यात लोहार, सुतार, शिंपी आणि वीजतंत्री ह्या चौघांचेही काम एकाच माणसावर येऊन पडते.

शहाणा कारागीर प्रथम हत्याराला हातच लावीत नाही. तो मोजपट्टी घेतो. घरातील सर्वांत उंच माणूस आडवा झाला असता त्याचे पाय कोठे पोचतात, बसल्यावर डोके छताला लागते काय, हे तो पाहतो. मग पुठ्ठ्याची रिकामी खोकी व्हॅनमध्ये मांडून हे कपाट, ही चूल, हा पलंग असे समजून तो त्यांत वावरून बघतो. कपाटाचे दार उघडले की पलंगाला अडते, ही गोष्ट पुठ्ठ्यावर समजली तर नुकसान काहीच नाही; लाकूड कापल्यावर समजली तर मात्र पदरात पश्चात्तापाखेरीज काही पडत नाही.

त्यानंतर गंजाची पाळी. जुन्या व्हॅनचा तळ उघडा केला की कोपऱ्याकोपऱ्यांत तांबूस खपल्या दिसतात. त्या खरवडून, पत्रा घासून त्यावर गंजरोधक रंग द्यावा लागतो. हे कष्टाचे काम टाळून वर गुळगुळीत फळ्या ठोकण्याचा मोह पुष्कळांना होतो. आणि दोनतीन वर्षांनी फळीखालचा पत्रा चाळणीसारखा झालेला आढळतो.

खिडकी बसवण्याचा दिवस मात्र ह्या सर्व कामात कसोटीचा. भल्याभल्यांचा हात त्या दिवशी थरथरतो. लाकडाची फळी चुकली तर दुसरी आणता येते. पण व्हॅनच्या अंगातील पत्रा एकदा कापला की तो परत जोडला जात नाही. म्हणून आतून आणि बाहेरून दोन्हीकडून माप घ्यावयाचे, मधोमध एखादी आधारपट्टी तर येत नाही ना हे चाचपावयाचे, कागदाचा साचा चिकटवून दूर उभे राहून पाहावयाचे आणि मगच कोपऱ्यांना भोके पाडून करवत चालवावयाची. कापलेल्या कडेला लगेच रंग लावावा लागतो. लोखंडाचा कीसही झाडून काढावा लागतो, कारण तो कीस गंजला की नव्या रंगावर डाग उमटतात. रबरी पट्टी बसवून काच पक्की झाली, वरून बादलीभर पाणी ओतले आणि आत थेंबही आला नाही, म्हणजे कारागिराच्या जिवात जीव येतो.

पाणी बाहेरूनच येते असे मात्र नाही. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड हवेत ही वाफ गार पत्र्याला लागली की तिचे थेंब होतात आणि सकाळी अंथरूण ओले होते. म्हणून पत्रा व आतील फळ्या ह्यांच्यामध्ये लोकर, बूच किंवा फोम ह्यांसारखा उष्णतारोधक थर भरतात. तेवढ्याने भागत नाही. हवा खेळती राहावी म्हणून छतात एक आणि खाली एक अशी झरोक्यांची सोयही करावी लागते.

हे झरोके केवळ सुखासाठी नसतात, प्राणांसाठी असतात. थंडी वाजते म्हणून दारेखिडक्या लावून आत कोळशाची शेगडी पेटवणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. तीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. स्वयंपाकाच्या गॅसची तऱ्हा वेगळी. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली की तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. ह्यासाठी सिलिंडरचे कपाट आतल्या बाजूने घट्ट बंद ठेवून त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे छिद्र ठेवतात. लहानशा छिद्रावर अख्ख्या कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते.

विजेसाठी दोन बॅटऱ्या ठेवण्याची पद्धत आहे. एक इंजिन चालू करण्यासाठी राखीव आणि दुसरी दिव्यापंख्यांसाठी. एकाच बॅटरीवर सारा कारभार चालवला तर रात्री वाचत बसण्याच्या नादात सकाळी गाडी जागची हालणार नाही, आणि तीही कदाचित रानात! बारा व्होल्ट व १०० अँपिअर-तास अशा शिसे-आम्ल बॅटरीत १,२०० वॉट-तास वीज मावते. पण ती दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्मीच वापरतात. त्या ६०० वॉट-तासांवर पाच वॉटचा दिवा १२० तास जळेल, तर हजार वॉटची विजेची शेगडी तीच वीज अर्ध्यापाऊण तासात फस्त करील. छतावरील सौर पट्टिका ही तूट दिवसा भरून काढते. तारा मात्र भिंतींच्या फळ्या बसवण्याआधीच ओढल्या पाहिजेत.

हौसेला मोल नसते, पण वजन असते. बारा मिलिमीटर जाडीची प्लायवुडची एक पूर्ण फळी वीस किलोग्रॅमच्या आसपास भरते. पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलोग्रॅम. जड वस्तू एकाच बाजूला किंवा उंचावर ठेवल्या तर वळणावर व्हॅन कलते. ब्रेक लागला की मोटार थांबते, आतील वस्तू मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतात. न बांधलेला पातेल्यांचा ढीग अशा वेळी तोफगोळ्यासारखा येतो. माणसांनाही तोच नियम लागू. म्हणून मोटार चालू असताना पलंगावर कोणी बसू नये. प्रत्येकाला पोलादी सांगाड्याशी बोल्टांनी जखडलेले आसन आणि पट्टा हवाच.

अशा व्हॅन भारताला अपरिचित नाहीत. १९६० नंतरच्या वीस वर्षांत युरोपातून निघालेल्या कित्येक व्हॅन तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ह्या मार्गाने येथे आल्या आणि त्यांतील काही गोव्याच्या किनाऱ्यावर नारळीच्या सावलीत विसावल्या. इराणमधील क्रांती आणि अफगाणिस्तानातील युद्ध ह्यांमुळे १९७९ च्या सुमारास ती वाट बंद पडली. अंथरूण आणि शिधा घेऊन दमणीतून जत्रेला जाणाऱ्या आपल्या पूर्वजांना ह्या पाहुण्यांचा थाट मुळीच नवा वाटला नसता. आपल्याकडे असे काम करू इच्छिणाऱ्याने मात्र एक गोष्ट आधी जाणून घ्यावी : १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणी झालेल्या वाहनात मनास येईल तसा बदल करता येत नाही. परिवहन कार्यालयात चौकशी करणे हे करवत उचलण्यापूर्वीचे काम आहे.

सारे पुरे झाल्यावरही अनुभवी माणूस लगेच दूरच्या प्रवासाला निघत नाही. पहिली रात्र तो घराजवळच, एखाद्या ओळखीच्या अंगणात काढतो. उशाशी कागद आणि पेन्सिल असते. पाण्याचा नळ ठिबकतो, कपाटाची कडी निसटते, डाव्या भिंतीतून चमचे वाजतात, पलंग चार बोटे आखूड पडतो. जे जे ध्यानात येईल ते तो लिहितो आणि सकाळी चहा झाला की पुन्हा हत्यारांची पेटी उघडतो.