अर्ध्या सेकंदाचे संगीत



स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९९४ साली एक संगीत महोत्सव सुरू झाला. त्याचे नाव 'सोनार'. हे नाव वाचून तुम्हाला दागिने घडवणारा सोनार आठवेल. पण स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ आहे 'वाजणे'. महोत्सवाचे काही कार्यक्रम दिवसा होतात, तर काही रात्रभर चालतात. रात्रीच्या कार्यक्रमांत इलेक्ट्रॉनिक संगीत आणि हिपहॉप यांना मोठे स्थान असते. हजारो तरुण श्रोते एकाच तालावर डोलत असतात. व्यासपीठावर मात्र तंतुवाद्ये किंवा चर्मवाद्ये क्वचितच दिसतात. तेथे दिसतात बटणांच्या पेट्या, तारांचे जंजाळ, दोन फिरत्या तबकड्या आणि मायक्रोफोन हातात घेऊन झपाट्याने शब्द फेकणारा गायक.

हे संगीत चांगले की वाईट, हा आवडीनिवडीचा प्रश्न झाला. आपण निराळा प्रश्न विचारू. इतक्या यंत्रांचा आणि इतक्या माणसांचा ताल जुळतो कसा? उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते आहे 'काळ'. अशा रात्री व्यासपीठापासून श्रोत्याच्या कानापर्यंत सारा हिशेब काळाचाच चालतो.

या संगीतात मिनिटाला १२० ठोके ही नेहमी आढळणारी गती आहे. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये अंतर फक्त अर्ध्या सेकंदाचे. हा अर्धा सेकंद लक्षात ठेवा. लेखात तो आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

तबकडीवरचे घड्याळ

हिपहॉपचा जन्म अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या भागात झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका इमारतीत एका तरुणाने तबकड्या वाजवून मेजवानीत रंग भरला. त्याचे टोपणनाव कूल हर्क. गाण्याच्या मध्ये गायन थांबून नुसता ढोलताशांचा तुकडा येतो, तेव्हा नाचणाऱ्यांना सर्वांत जास्त जोर चढतो, हे त्याने हेरले होते. पण हा तुकडा काही सेकंदांतच संपे. हर्कने तोड काढली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायच्या. एकीवरचा तुकडा संपताच दुसरीवरचा सुरू करायचा आणि तेवढ्यात पहिली मागे न्यायची. अशा रीतीने काही सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबवता येऊ लागला.

पण तुकड्याची सुरुवात नेमकी कोठे आहे हे कसे ओळखायचे? ग्रँडमास्टर फ्लॅश या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या ब्राँक्समधल्याच दुसऱ्या एका तरुणाने हा प्रश्न सोडवला. त्याने व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिकीचे शिक्षण घेतले होते. त्याने तबकडीवर खडूने खुणा केल्या आणि तिच्याकडे घड्याळाच्या तबकडीप्रमाणे पाहायला सुरुवात केली.

यातले गणित तुम्हालाही करता येईल. ही तबकडी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. गाण्याची गती मिनिटाला १०० ठोके असेल, तर दोन ठोक्यांतील अंतर ०.६ सेकंद. म्हणून एका फेऱ्यात बरोबर तीन ठोके बसतात आणि प्रत्येक ठोक्याला तबकडी १२० अंशांतून वळते. समजा, तुकडा सोळा ठोक्यांचा आहे. मग तो ९.६ सेकंद चालेल आणि तेवढ्या वेळात तबकडी ५ १/३ फेरे घेईल. तितकेच फेरे ती उलटी फिरवली की सुई पुन्हा आरंभाच्या जागी येते. कान तालावर आणि डोळा खुणेवर ठेवून हे कलावंत काळच मोजत होते.

यासाठी यंत्रही तसे लागते. जुन्या यंत्रांत मोटर एका बाजूला असे आणि रबरी पट्ट्याने किंवा चाकाने तबकडीची थाळी फिरवली जाई. थाळीला हाताने रोखून सोडले की पट्टा घसरे आणि वेग पूर्ववत होण्यास वेळ लागे. १९७२ साली जपानमधील टेक्निक्स कंपनीने 'एसएल-१२००' हे यंत्र बाजारात आणले. त्यात थाळी थेट मोटरच्या आसावर बसवलेली होती. त्यामुळे हात काढताच ती चटकन योग्य वेग घेई. १९७९ च्या सुधारित यंत्रात वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करण्याची सरकपट्टीही आली. मग एका गाण्याचे १०० ठोके दुसऱ्याच्या १०८ ठोक्यांशी जुळवता येऊ लागले. मात्र वेग वाढला की स्वरही चढतो. ४४० हर्ट्झ कंप्रतेचा स्वर त्याच प्रमाणात वाढून सुमारे ४७५ हर्ट्झचा होतो.

विजेचा ढोल

आता बटणांच्या पेट्यांकडे वळू. त्यांतली एक फार गाजलेली पेटी म्हणजे जपानच्या रोलंड कंपनीने १९८० साली काढलेले 'टीआर-८०८' हे तालयंत्र. यातील ढोलाचा आवाज कोठूनही ध्वनिमुद्रित केलेला नव्हता. तो यंत्रातच निर्माण होई.

देवळातली घंटा आठवा. टोला एकदाच पडतो; पण घंटा कंप पावत राहते आणि नाद हळूहळू विरतो. रोध, धारित्रे आणि विवर्धक यांचे विद्युतमंडलही असेच वागू शकते. त्याला विजेचा एक छोटा झटका दिला की त्यातील विद्युतदाब सेकंदाला सुमारे ५० वेळा खालीवर होऊ लागतो आणि मग शमतो. हा बदलता दाब ध्वनिक्षेपकाला पुरवला की त्याचा पडदा पुढेमागे हलतो आणि 'धुम्म' असा खोल आवाज निघतो.

हे झटके केव्हा द्यायचे, ते वादक ठरवतो. यंत्रावर सोळा बटणे ओळीने असतात. तीनतालाच्या मात्राही सोळाच. पण येथे चार घरे मिळून एक ठोका होतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर प्रत्येक घराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग येतो आणि सोळा घरांचे आवर्तन दोन सेकंदांत पुरे होते. कार्यक्रम चालू असतानाच वादक एखादे घर भरतो, एखादे रिकामे करतो. असे प्रत्यक्ष वादन आणि तयार ध्वनिमुद्रण नुसते लावणे, यांत हाच फरक आहे.

या यंत्राचा भारताशीही संबंध आला. चित्रपटसंगीतात वादन करणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच तालयंत्र आणि इतर इलेक्ट्रॉनिक वाद्ये वापरून दहा रागांची एक तबकडी काढली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा परदेशांतील रसिकांनी तिची मोठी दखल घेतली.

पण व्यासपीठावर अशी चारपाच यंत्रे असली तर? समजा, एक यंत्र मिनिटाला १२० ठोके देते आणि दुसरे १२१. फरक नगण्य वाटतो; पण अर्ध्याच मिनिटात एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये पडू लागेल! म्हणून सर्व यंत्रांना एकच घड्याळ लागते. १९८३ साली 'मिडी' ही पद्धत आली. तीत मुख्य यंत्र प्रत्येक ठोक्यामागे २४ स्पंद पाठवते, म्हणजे आपल्या गतीला सेकंदाला ४८. बाकीची यंत्रे ते मोजून चालतात. मेळातील सर्वांनी एकाच टाळकऱ्याकडे पाहून ताल धरावा, तसेच हे आहे.

मैदानातला उशीर

यंत्रे जुळली, तरी हवा आडवी येते. हवेतील ध्वनीचा वेग मीटर प्रतिसेकंद या एककात काढण्यासाठी ३३१ मध्ये सेल्सियस तापमानाची ०.६ पट मिळवतात. २० अंशांना तो ३४३ येतो. म्हणजे अर्ध्या सेकंदात ध्वनी फक्त १७० मीटरच्या आसपास जातो.

मोठ्या मैदानावर मागच्या श्रोत्यांसाठी मध्ये मनोरे उभारून त्यांवर ध्वनिक्षेपक बसवतात. समजा, असा मनोरा व्यासपीठापासून ८० मीटरवर आहे. तारेतून विद्युत संदेश तेथे जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. व्यासपीठाच्या ध्वनिक्षेपकांतून निघालेला आवाज मात्र हवेतून ०.२३३ सेकंदाने येतो. मनोऱ्याजवळच्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल आणि शब्दांचा तर चिखल होईल. हिपहॉपमध्ये शब्दच महत्त्वाचे; तेव्हा हे परवडणारे नाही.

यावर उपाय मोठा गमतीचा आहे. मनोऱ्याकडे जाणारा संदेश मुद्दाम उशिरा सोडतात! ०.२३३ सेकंदाशिवाय आणखी सुमारे एक शतांश सेकंद जास्त थांबवतात. कारण दोन सारखे आवाज थोड्याच अंतराने आले, तर कान त्यांना एकच समजतो आणि आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो. जर्मनीतील हेल्मुट हास यांनी १९४९ साली याचा अभ्यास मांडला. त्यामुळे आवाज मनोऱ्याचा असूनही श्रोत्याला तो व्यासपीठावरूनच आल्यासारखा वाटतो.

कानाची मुदत

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा हिशेब. आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या भागात शंखासारखी एक नळी असते. तीत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीची कंपने त्यांना हलवतात आणि त्यांतून मेंदूकडे संदेश जातात. मोठ्या आवाजाने या पेशी थकतात आणि अतिरेक झाल्यास मरतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसात त्या पुन्हा येत नाहीत.

आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. पातळी ३ डेसिबेलने वाढली की कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून सुरक्षित वेळ निम्मा करावा लागतो. कारखान्यातील कामगारांसाठी अमेरिकेत सुचवलेल्या रोजच्या मर्यादा अशा आहेत :

८५ डेसिबेल – ८ तास
८८ डेसिबेल – ४ तास
९१ डेसिबेल – २ तास
९४ डेसिबेल – १ तास
९७ डेसिबेल – ३० मिनिटे
१०० डेसिबेल – १५ मिनिटे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या ठिकाणांसाठी मानके सांगितली. त्यांत पंधरा मिनिटांची सरासरी पातळी १०० डेसिबेलच्या वर जाऊ नये, श्रोत्यांना कानातले बोळे मिळावेत आणि विश्रांतीसाठी शांत जागा असावी, असे म्हटले आहे. नीट बसवलेल्या बोळ्यांनी आवाज १५ डेसिबेलने उतरला, तर १०० चे ८५ होतात आणि पंधरा मिनिटांची मुदत आठ तासांवर जाते. कार्यक्रमानंतर कानात गुणगुण होणे किंवा बोलणे दबके ऐकू येणे, ही मुदत ओलांडल्याची खूण आहे.

आपल्याकडे 'डीजे' म्हणजे मिरवणुकीतली ध्वनिक्षेपकांची भिंत, असाच अर्थ रूढ झाला आहे. खरे तर तो शब्द तबकड्या वाजवणाऱ्या कलावंताचा. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. त्या भिंतीजवळ नाचणाऱ्या मुलांच्या केसपेशींना सण आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. त्या फक्त पातळी आणि वेळ जाणतात.

करून पाहा

शाळेच्या मोठ्या मैदानावर किंवा मोकळ्या माळावर मित्राला थाळी आणि पळी घेऊन उभे करा. घड्याळ पाहून त्याने सेकंदाला दोन, म्हणजे आपल्याच गतीने टोले द्यावेत. तुम्ही त्याच्याकडे पाहत हळूहळू दूर जा. सुमारे ८७ मीटरवर टोल्याचा आवाज बरोबर दोन टोल्यांच्या मध्ये ऐकू येईल. तसेच पुढे गेलात, तर १७५ मीटरच्या सुमारास दिसणारा टोला आणि ऐकू येणारा आवाज पुन्हा जुळतील; पण तो आवाज आधीच्या टोल्याचा असेल! हे आकडे ३० अंश तापमानासाठी दिले आहेत. तुमच्या गावी त्या दिवशी तापमान वेगळे असेल, तर अंतर किती येईल ते आधी गणिताने काढा आणि मग पावलांनी मोजून ताडून पाहा.