बळ मागितले, वेग मिळाला

ज्या गृहस्थाने माझ्या ई-रिक्षाची मोटार आणि गिअर बदलून दिले, त्याने दोष अखेरपर्यंत माझ्या पुतण्याच्या चालविण्याचाच ठरविला आणि तोही चार गिऱ्हाइकांदेखत. म्हणून ही कैफियत मला सविस्तर मांडणे भाग आहे.

आमचे जानेफळ घाटावरचे. घाटाखाली शेगावच्या सपाटीवर जी गाडी दिवसभर निर्वेध धावेल, तीच मेहकर तालुक्यातील नाल्यांच्या चढांवर भरल्या भाराने धापा टाकू लागते, हे कोणा वऱ्हाडी माणसास सांगावयास नको. माझी मागणी एवढीच होती, की चढावर गाडीला ओढ यावी. मूळच्या १००० वॉटच्या मोटारीऐवजी १५०० वॉटची मोटार आणि तिच्यासोबत डिफरन्शिअलमधील नवे गिअर घ्यावेत, ही सूचना त्या दुकानदाराची. "गुरुजी, चढाची चिंताच सोडा, गाडी उडेल," असे तो म्हणाला. मी ओढीविषयी विचारीत असता हा मनुष्य उडण्याविषयी बोलत आहे, हे मला त्याच क्षणी खटकावयास हवे होते.

तिसऱ्या दिवशी नाल्याच्या पुलापुढील चढावर गाडी निम्म्यात थांबली. पुतण्याने मूठ पूर्ण पिळली, तेव्हा आसनाखालून एक खोल गुणगुण उठली आणि मागोमाग जळक्या व्हार्निशचा उग्र दर्प पसरला. गुडघ्यांनी अधू झालेल्या माझ्या मावशीला त्याने पाठुंगळी घेऊन चढ पार केला. आम्ही बाकीचे गाडी ढकलीत होतो. सपाटीवर मात्र हीच गाडी पूर्वीपेक्षा जोरात पळत होती, आणि या विसंगतीनेच माझे डोळे उघडले.

त्या रात्री अंगणात मागची दोन्ही चाके दगडांवर उचलून धरली, मोटारीची मागची झाकणी काढली, आणि चाकावर व मोटारीच्या दांड्यावर खडूने खुणा केल्या. दोन्ही चाके बरोबरीने एक फेरा फिरविली. मोटार आठ फेरे फिरली. गाडीच्या मूळ माहितीपत्रकात ११ हा आकडा छापलेला होता. पुतण्याने पुन्हा मोजले; पुन्हा आठच.

हिशेब सोपा आहे. चाकाचा परीघ अदमासे १.५५ मीटर. मोटार मिनिटाला ३००० फेरे करीत असेल, तर ११ च्या प्रमाणात गाडी ताशी सुमारे २५ किलोमीटर जाते आणि आठच्या प्रमाणात सुमारे ३५. परंतु चाकाला मिळणारे बळ त्याच मापाने, म्हणजे चतुर्थांशाहून अधिक घटते. तोच चढ तोच भार घेऊन चढावयाचा, तर मोटारीला अकराला आठ या प्रमाणात जास्त प्रवाह ओढावा लागतो, आणि वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्याने ती जवळजवळ दुप्पट होते. मोठी मोटार ही तूट भरून काढील म्हणावे, तर कंट्रोलर जुनाच ठेवलेला; जितका प्रवाह तो सोडील, त्यापेक्षा अधिक मोटारीला मिळणार कोठून? आणि चारही बॅटऱ्या मिळून व्होल्ट ४८, ते तर होते तितकेच.

हा सारा खुलासा मी कागदावर लिहून दुकानात नेला. त्याने कागदाला हातही लावला नाही. "पोरगं मूठ पिळतं, मोटार काय करणार?" एवढेच बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. पावतीवर मजकूर होता "मोटार व गिअर, एक नग". दातांचा, प्रमाणाचा, हमीचा उल्लेख नाही. माझे जुने गिअर भंगारात गेल्याचे त्याने सहज सांगितले, ते मला आजही सहन होत नाही.

तेव्हा ज्यांना ई-रिक्षाची, किंवा तिच्याच नात्यातल्या गोल्फच्या बॅटरीगाडीची मोटार बदलावयाची आहे, त्यांनी प्रथम वेग हवा की बळ हे ठरवावे. त्याच मोटारीवर केवळ गिअर बदलून दोन्ही मिळत नाहीत. चढ असेल तर प्रमाणाचा आकडा मोठा हवा, आणि तो पावतीवर अंकांत लिहून घ्यावा. चाके दोन्ही उचलूनच फेरे मोजावेत. एकच उचलले तर ते चाक दोन फेरे फिरवावे लागते, नाहीतर हिशेब निम्मा चुकतो. कंट्रोलरची प्रवाहमर्यादा वाचावी. भरली गाडी चढावर नेऊन क्लॅम्प मीटरने प्रवाह पाहिल्यावाचून उरलेले पैसे देऊ नयेत. जुने भाग पोत्यात घालून घरी आणावेत. चार ठिकाणी चौकशी करावी, हेही आहेच.

आणखी एक गोष्ट त्या दुकानदाराने मला सांगितली नाही. नियमानुसार ई-रिक्षाची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर आहे, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार परस्पर करता येत नाही. म्हणजे माझ्या पैशांनी त्याने माझी गाडी दुबळी केली आणि वर मलाच कायद्याच्या कचाट्यात ढकलले.

११ प्रमाणाचे गिअर मी दुसरीकडून, पुन्हा पैसे मोजून, बसवून घेतले आणि जुनी १००० वॉटची मोटार परत जोडली. परवा मावशीला घेऊन त्याच पुलापुढचा चढ चढलो. गाडी संथ चालली, पण थांबली नाही. मावशीने मात्र वर पोहोचेपर्यंत पुतण्याचा खांदा सोडला नाही.