क्लाउडवर आहे, मग बॅकअप कशाला?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या ॲपचा डेटा क्लाउडवर आहे. त्याच्या तीन प्रती आपोआप होतात. तरी वेगळा बॅकअप लागतो का?

उत्तर : लागतो. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्या प्रतींमुळे ॲप चालू राहतं, एवढंच. कुणी चुकून खातेदारांच्या नोंदी उडवल्या, तर त्या तितक्याच तत्परतेनं तिन्हीकडून उडतात! म्हणून जुन्या तारखांचा बॅकअप हवा, तोही दुसऱ्या शहरात. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं; बॅकअप त्याच आवारात ठेवलेल्या काही ग्राहकांचं दोन्ही गेलं. तुमचा डेटा मुंबईत असेल तर बॅकअप हैदराबादला ठेवा, पासवर्ड वेगळा. अधूनमधून हा बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर उतरवून किती वेळ लागतो ते बघा. काउंटर तेवढा वेळ बंद ठेवणं परवडेल का, हे मग संचालक मंडळाला विचारा.