जमिनीत मीठ कोठून आले?

सांगली-कोल्हापूर भागात कृष्णेच्या काठाने गेलात, तर उसाच्या हिरव्या फडांशेजारीच काही ओसाड, पांढरट शेते दिसतील. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत अशी जमीन बरीच आहे. तिला क्षारपड म्हणतात. समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे. मग येथे मीठ आले कोठून?

ते आले पाण्यातून. नदीचे वा विहिरीचे पाणी गोड लागले तरी त्यात थोडे क्षार विरघळलेले असतातच. एका लिटरमध्ये अर्धा ग्रॅम क्षार आहेत असे धरू. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षभरात सुमारे २०० सेंमी पाणी लागते. म्हणजे हेक्टरी दोन कोटी लिटर. गुणाकार करा. त्यातून शेतात १० टन क्षार येतात! पाणी पिकातून आणि जमिनीवरून वाफ होऊन जाते. क्षार मागे उरतात. रासायनिक खतांचा अतिरेक त्यात भर घालतो.

निचरा चांगला असेल तर पावसाचे पाणी हे क्षार धुऊन नेते. परंतु खोल काळ्या जमिनीत चिकणमाती फार. तिच्यातून पाणी सावकाश झिरपते. पाणी अधिक दिले की भूजलाची पातळी वर येते. मग दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे ते खारे पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून पृष्ठभागापर्यंत चढते. मुळांभोवतीचे पाणी खारट झाले, की मुळांना ते शोषता येत नाही. ओल असूनही पीक तहानेने वाळते!

हे संकट नवे नाही. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखालील जमिनींतही विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते दिसले होते.

एक प्रयोग करून पाहा. दोन डबे घ्या. एकाच्या तळाला भोके पाडा. दोन्हींत माती भरून सारखेच मिठाचे पाणी घाला व उन्हात ठेवा. काही दिवसांनी मातीवर पांढरा थर दिसेल. आता दोन्हींत गोडे पाणी ओता. भोकांतून गळलेले पाणी बशीत वाळवा. बशीत काय उरले? बिनभोकाच्या डब्यातले मीठ कोठे गेले?

उपाय या प्रयोगातच आहे: जमिनीला पाणी हवे, तशी वाटही हवी. त्यासाठी शेताकडेने चर खणतात किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरतात. चोपण जमिनीत सोडियम फार असतो. तेथे आधी जिप्सम घालतात. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निघून जातो. ताग, धैंचा गाडल्याने माती भुसभुशीत होते. ठिबक सिंचनाने पाणी बेताचे मिळते आणि माती परीक्षणाने खताचे प्रमाण ठरते.

मात्र एकट्या शेतकऱ्याने चर खणून भागत नाही. त्याचे खारे पाणी शेजाऱ्याच्या रानात शिरते. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन नळ्या घातल्या आणि पडीक रानांत पुन्हा पीक उभे राहिले. तरीही नळ्यांतले खारे पाणी शेवटी ओढ्यातून नदीला मिळतेच. म्हणून मुळात पाणी मोजून देणे हाच पहिला उपाय.

तुमच्या गावात पाटाचे पाणी कोणत्या वाटेने बाहेर पडते? शोधून काढा व वर्गात नकाशा काढून दाखवा.